हाँगकाँगच्या चहाघरात एकटीनं: मंगळवारी उपाशी, गुरुवारी भरपेट

नवऱ्याचं ऑफिसचं काम निघालं म्हणून नोव्हेंबरात सात दिवस हाँगकाँगला जाणं झालं. त्याच्या दिवसभर मीटिंगा आणि मी मोकळी. ट्राम, डोंगरमाथा, देवळं हे सगळं होणारच होतं. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट होती. बांबूच्या करंड्या रचलेली ढकलगाडी टेबलांमधून फिरते, त्यातून हवं ते उचलायचं आणि चहा पीत बसायचं, असं एखादं जुनं चहाघर बघायचं होतं. एकटीनं, आणि तिथली भाषा येत नसताना. ठाण्याला परतून आता महिना झालाय. तीन-चार मैत्रिणींनी विचारलं म्हणून सगळं क्रमानं लिहून काढतेय.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण जानेवारी २०१७ पासून निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर फुकट होते, त्यामुळे कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. मी २४ ऑक्टोबरला रात्री जेवणं उरकून बसले. नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाकायचं. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचंही नाव आहे, ते मी सवयीनं गाळलं होतं. शेवटच्या पानावर पुन्हा वाचताना लक्षात आलं आणि छातीत धस्स झालं. दुरुस्त केलं, पाठवलं आणि निकाल तिथल्या तिथे स्क्रीनवर आला. तो पांढऱ्या ए-फोर कागदावर छापायचा, खाली सही करायची आणि पासपोर्टबरोबर ठेवायचा. सहा महिने चालतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं कागद पाहिला आणि एक चिटोरं हातात दिलं. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे ते चिटोरं जपून ठेवा. मी ते पहिल्याच दिवशी जीन्सच्या खिशात ठेवून धुवायला टाकणार होते.

सोमवारी रात्री हॉटेलात बसून मी पदार्थांची यादी केली. मी रत्नागिरीची, मासे-कोंबडी सगळं चालतं, पण गोमांस खात नाही. डुकराचं मांस तोवर कधी खाल्लं नव्हतं. फोनवर इंग्रजी अक्षरांत नावं वाचत होते. हा गाउ म्हणजे कोळंबी भरलेल्या वाफवलेल्या पुरचुंड्या, ठीक. सिउ मायमध्ये डुकराचा खिमा आणि कोळंबी, बघू. चा सिउ बाउ म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण भरलेला पांढरा पाव, नको. मग आलं 'लो माय गाय'. वाचून मी दचकलेच. स्पेलिंग जी-ए-आय असं होतं, पण डोळ्यांना 'गाय'च दिसलं आणि मी त्यावर काट मारली. नवरा म्हणाला, "अगं, चिनी भाषेत गायीला गाय कशाला म्हणतील?" मी म्हटलं, उगाच विषाची परीक्षा नको.

११ तारीख, मंगळवार. हॉटेल साय यिंग पुनला होतं, चहाघर शेउंग वानला. मधे ट्राम आहे, भाडं साडेतीन हाँगकाँग डॉलरच्याही आत. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरताना पैसे द्यायचे. चहाघराचं नाव इथे देत नाही. त्या दिवशी जे झालं त्यात चूक माझीही होती आणि ते नाव वाचून कोणी त्यांच्याबद्दल गैरसमज करून घ्यायला नको. सव्वाआठला पोचले. जिना चढून वर गेले तर मोठा हॉल, गोल टेबलं, सगळी भरलेली. बहुतेक गिऱ्हाइकं सत्तरीच्या पुढची. काही जण पेपर वाचतायत, दोघं हातवारे करून भांडल्यासारखे बोलतायत, भांड्यांचा खणखणाट, आणि त्या सगळ्यावरून गाडीवाल्या बायकांच्या हाळ्या.

मी दाराशी उभी राहिले. कोणीतरी येईल, "किती जण?" विचारेल, बसवेल. कोणी आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्यामागून आलेले लोक मला वळसा घालून आत जात होते आणि कसे कोण जाणे, बसतही होते. शेवटी एक रिकामी खुर्ची दिसली म्हणून मी धीर करून बसले. समोरच्या माणसानं जोरजोरात हात हलवले. खुर्चीवर घडी घातलेला पेपर होता, मी त्याच्यावरच बसले होते. खुर्चीचा मालक गाडीपाशी गेला होता आणि तो करंडी घेऊन परत येत होता. मी उठले. आजूबाजूच्या दोन टेबलांनी माझ्याकडे पाहिलं. किटलीवाला माणूस मला काहीतरी म्हणाला, बहुधा "वाटेत उभी राहू नकोस" असंच असावं. पुन्हा दाराशी जाऊन दहा मिनिटं उभी राहिले आणि मग जिना उतरले.

खाली रस्त्यावर एका बेकरीत अंड्याचं टार्ट घेतलं आणि पदपथावर उभ्या-उभ्या खाल्लं. पंचेचाळिसाव्या वर्षी कोणी मला जेवायला बसवलं नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं. हे लिहितानाही थोडी लाजच वाटतेय. टार्ट मात्र फार छान होतं, गरम, मधलं अंड्याचं कस्टर्ड थरथरणारं.

बुधवारी गेलेच नाही. संध्याकाळी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला सहज सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, जुन्या चहाघरात कोणी बसवत नाही. टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायचं असतं. ज्याचं खाणं संपत आलंय असा माणूस हेरायचा आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं.

हे ऐकलं आणि मला इतका राग आला स्वतःचा! कारण हे तर मला येतं. रत्नागिरीत मंगल कार्यालयात पहिली पंगत जेवत असताना, कोणाच्या पानात ताक-भात आलाय ते बघून त्याच्या पाठीशी उभं राहायचं, नजर दुसरीकडे ठेवायची, पण पाय खुर्चीला चिकटलेले, हे शिक्षण आम्हाला लहानपणीच मिळालेलं. आई तर तीन खुर्च्या एकदम धरायची, एकीवर पर्स, एकीवर मी, एकीवर हात. परदेशात गेल्यावर आपण उगाच सभ्य होतो आणि उपाशी राहतो.

त्या मुलीनं आणखी तीन गोष्टी दिल्या. एका कागदावर चिनीत लिहून दिलं की मी गोमांस खात नाही. दुसरं, टिश्यूचं पाकीट बरोबर न्यायला सांगितलं. अशा जागी ते ठेवलेलं नसतं आणि कुठे कुठे ते दिलं तर त्याचे पैसे लावतात. शिवाय जागा धरायलाही तेच पाकीट. तिसरं म्हणजे शब्द. कोणी काही काम करून दिलं, चहा ओतला, वाट दिली तर 'म्-कॉय'. बिल हवं असेल तर 'माय-दान'. हा दुसरा मला पुढे जन्मभर लक्षात राहील, कारण तो कुठल्याशा गोशाळेच्या पावतीवर छापल्यासारखा वाटतो.

१३ तारीख, गुरुवार. या वेळी साडेसातलाच गेले. दाराशी थांबलेच नाही. सरळ आत, स्वयंपाकघराच्या दाराच्या बाजूला. ही जागा महत्त्वाची आहे, गाड्या तिथूनच बाहेर पडतात आणि लांबच्या टेबलांपर्यंत पोचेस्तोवर अर्ध्या रिकाम्या होतात. एक आजी टिश्यूनं तोंड पुसत होत्या. मी त्यांच्या मागे उभी राहिले. चार मिनिटांत खुर्ची माझी.

टेबलावर आधीच पाच जण होते. शेजारी एक आजोबा, अंगात करड्या रंगाची स्वेटर-बंडी, समोर घोड्यांच्या शर्यतीचं पान उघडलेलं. किटलीवाल्यानं येऊन काहीतरी विचारलं. चहा कुठला, एवढंच असणार. मी म्हटलं, "पो लेइ." नावं दोनच पाठ होती आणि त्यातलं हे सोपं. हा काळसर, मुरवलेला चहा, मातीचा वास येणारा. तेलकट खाण्यावर तो चांगला असं तिकडे मानतात. सौम्य हवा असेल तर 'ह्योंग पिन', म्हणजे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा. चहाचे पैसे माणशी लागतात, तुम्ही कपभर प्या की बादलीभर.

चहा आला तो किटलीत नाही, तर झाकण असलेल्या वाडग्यात. आत पानं, वरून उकळतं पाणी. बरोबर एक छोटा पेला, एक वाटी, चमचा, चॉपस्टिक्स, आणि टेबलाच्या मधे एक मोठं भांडं. मी पेल्यात चहा ओतला आणि ओठाशी नेणार तेवढ्यात आजोबांनी पेपरावरून मान न उचलता दोन बोटं हलवली. नाही. मग त्यांनी स्वतःचीच वाटी घेऊन मला दाखवलं. पहिला चहा पिण्यासाठी नसतोच. तो वाटीत ओतायचा, त्यात पेला फिरवायचा, चमचा आणि चॉपस्टिक्सची टोकं बुडवायची आणि ते पाणी मधल्या मोठ्या भांड्यात टाकायचं. भांडी आधीच धुतलेली असतात, तरी करतात. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवतात तशातला प्रकार म्हणा, फक्त इथे पाणी फिरतं ते ताटाच्या आत.

मग दुसरी फजिती. ते झाकणाचं वाडगं धरून ओतताना माझा अंगठा चांगलाच भाजला. अंगठा आणि मधलं बोट कडेच्या पातळ ओठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, झाकण किंचित तिरकं म्हणजे पानं आत राहतात, आणि एका झटक्यात ओतायचं. हळूहळू ओतलंत तर भाजणारच. मला चौथ्या वेळी जमलं. किटलीवाला पुन्हा पाणी घालायला आला तेव्हा आजोबांनी दुमडलेली दोन बोटं टेबलावर टकटक केली. हा न बोलता केलेला 'म्-कॉय'. याची एक गोष्ट सांगतात: छियेनलुंग बादशहा वेश पालटून फिरताना त्यानं आपल्या नोकराच्या पेल्यात चहा ओतला. उठून गुडघे टेकावेत तर बादशहा ओळखला जाईल, म्हणून नोकरानं बोटंच दुमडून टेबलावर टेकली. गोष्ट खरी असो नसो, तोंडात घास असताना ही सोय उत्तम आहे.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर एक कार्ड देतात, त्यावर छोटा, मध्यम, मोठा, खास असे रकाने. करंडी घेतली की गाडीवाली त्या रकान्यात शिक्का मारते. कार्ड घेऊन गाडीपाशी आपणच जायचं. मी पाच मिनिटं सभ्यपणे बसून राहिले, मग पाहिलं की स्वयंपाकघराचं दार उघडलं की चार आज्या एकदम उठतात. पाचवी मी. खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवायला विसरले नाही.

पहिली करंडी हा गाउ. चार नग. झाकण काढलं आणि मी क्षणभर नुसती बघत बसले. पातळ, अर्धपारदर्शक पारी, आतून कोळंबीचा गुलाबी रंग दिसतोय, आणि एका कडेला एकसारख्या चुण्या. मी मोदकांच्या घरात वाढले. सासूबाई मोदक बघताना आधी चुण्या मोजतात आणि मग खातात. माझे मोदक अजूनही नऊच्या वर गेलेले नाहीत. इथेही आचाऱ्याची परीक्षा चुण्यांवरूनच होते. सातच्या खाली म्हणजे कच्चा हात, दहाच्या वर गेलं की चांगला. मी मोजल्या. पहिल्यात दहा, दुसऱ्यात अकरा.

चव मोदकासारखी अर्थातच नाही. पण पारीचा तो चिकट, किंचित ताणला जाणारा पोत ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते आठवेना. नंतर खोलीवर जाऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. ती पारी तांदळाची नसतेच. गव्हाच्या सत्त्वाची असते, उकळत्या पाण्यात उकड काढून मळलेली. म्हणजे आपला गव्हाचा चीक! उन्हाळ्यात कुरडया घालायच्या आधी पातेल्याशी बसून वाटीत मागून खायचो तोच पोत. कुरडईच्या पिठाचा, मोदकाच्या हातानं केलेला, कोळंबी भरलेला पदार्थ. रत्नागिरीच्या माणसाला आणखी काय हवं.

चॉपस्टिक्सनं पारी फाटते, म्हणून खालून चमचा धरा. आणि करंडी आल्या आल्या खा, गार झाली की पारी रबरासारखी होते.

दुसरी गाडी आली. बाईंनी एका करंडीचं झाकण उचललं, आत मोठ्या वाळक्या पानाची पुडी. बाई ओरडल्या, "लो माय काय!"

मला नीट ऐकू आलं नाही. तोंडातून आपसूक मराठीच निघालं, "काय?"

बाईंचा चेहरा उजळला. "काय! काय!" म्हणून त्यांनी मान डोलावली.

"काय?" मी पुन्हा.

"काय!" त्यांनी पुडीकडे बोट केलं आणि शिक्का उचलला.

मी घाईघाईनं तो गोमांसाचा कागद काढून दाखवला. त्यांनी वाचला, हात झाडले, छे छे, आणि मग दोन्ही कोपरं पंखांसारखी हलवून दाखवली. मागच्या टेबलावरची मंडळी हसली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. त्यांच्या भाषेत कोंबडीला म्हणतात 'काय'. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी तिचं 'गाय' केलं आणि त्यावर मी काट मारून बसले होते. गोमांसाला शब्द वेगळाच आहे, 'ङाउ', आणि पुष्कळ जण नुसतं 'आउ' म्हणतात. गोमांस टाळणाऱ्यांनी हा कानात ठेवावा, कारण सिउ मायसारखे दिसणारे गोळे कधीकधी 'आउ'चे असतात.

पुडी उघडली. कमळाचं पान, आत चिकट भात, कोंबडीचे तुकडे, अळंबी, आणि मधेच लालसर सॉसेजच्या चकत्या. ते डुकराचं होतं. इतक्या वेळ 'काय काय' केल्यावर मागे फिरायची माझी हिंमत नव्हती. एक चकती खाल्ली, गोडसर लागली, उरलेल्या बाजूला ठेवल्या. पानाचा वास भातात पूर्ण उतरलेला, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखा. पोट तिथेच भरलं. एकट्यानं गेलात तर ही पुडी शेवटी घ्या. तिथली जुनी म्हण 'एक पेला, दोन नग' अशी आहे, म्हणजे चहा आणि दोनच पदार्थ, आणि मला तरी ती बरोबर वाटली. मी हावरटपणानं तिसरी घेतली, मा लाय को, म्हणजे वाफवलेला तपकिरी साखरेचा केक, उंच आणि हलका. अर्धा बांधून आणला.

आजोबा माझ्याआधी उठले. पेपर काखेत मारला आणि गेले, माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांची खुर्ची गार व्हायच्या आत तिथे दुसरं कोणी बसलेलं होतं.

बिलासाठी 'माय-दान' म्हणायची फार इच्छा होती, पण इथे कार्ड घेऊन स्वतःच गल्ल्यावर जायचं असतं. चहा १८, खास ४२, मोठी ३६, मध्यम ३०, मिळून १२६, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, एकूण १३८.६० हाँगकाँग डॉलर. तेव्हा एक डॉलर अकरा-साडेअकरा रुपयांना पडत होता, म्हणजे पंधराशेच्या वर. नाश्ता म्हणून महाग. रोख नेलेले बरे, जुन्या जागी कार्ड चालेलच असं नाही. मला ते शिक्क्यांचं कार्ड आठवण म्हणून हवं होतं. गल्ल्यावरच्या माणसानं मान हलवली आणि खिळ्याला टोचून टाकलं.

शुद्ध शाकाहारी असाल तर मात्र अशा चहाघरात जाऊन हाल करून घेऊ नका. मुळ्याच्या वड्या दिसायला निरुपद्रवी, पण आत सुकट आणि सॉसेज असतं, आणि गोड पदार्थांतही डुकराची चरबी असू शकते. त्यापेक्षा डायमंड हिल स्टेशनजवळ नान लियान बाग आहे, तिथे ची लिन भिक्षुणी मठाचं शाकाहारी भोजनालय आहे. शनिवारी आम्ही तिथे गेलो होतो. शांत, चकचकीत, कोणी ओरडत नाही. मला थोडं चुकल्यासारखंच झालं.

रविवारी नवऱ्याला घेऊन एका मोठ्या हॉटेलात गेलो. ढकलगाड्या आता शहरात मोजक्याच जागी उरल्यात. बाकी सगळीकडे इथल्यासारखी छापील चिठ्ठी असते, हव्या त्या पदार्थापुढे खूण करायची. दाराशी यंत्रातून नंबर घ्यायचा, दोघांची रांग वेगळी, मोठ्या कुटुंबांची वेगळी. पन्नास मिनिटं थांबलो. रविवारी तीन-तीन पिढ्या येतात, तेव्हा शक्यतो टाळा. सकाळी लवकर किंवा दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी भाव उतरतात, चिठ्ठीवर वेळा लिहिलेल्या असतात. इंग्रजी चिठ्ठी मागितली की देतात. इथे चहा किटलीत होता. पाणी संपलं की झाकण उचलून तिरकं ठेवायचं, कोणाला हाक मारायची गरज नाही. नवऱ्यानं कोंबडीचे पाय मागवले, हाडं तोंडातल्या तोंडात सोडवून बाहेर काढायची ती कला त्याला दोन मिनिटांत जमली आणि त्यानं बशी एकट्यानं संपवली. मी बघत होते.

आणि शेवटी हात वर करून मी "माय-दान" म्हटलं. वेटर खरंच बिल घेऊन आला.

तो ए-फोर कागद अजून माझ्या पासपोर्टात आहे. एप्रिलच्या तेवीस-चोवीसपर्यंत चालेल. तिकिटांचे भाव मी कालच बघितले, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.